तंबाखू सोडताना निर्धार नेमका कुठे खर्च करायचा?

कडुनिंब

‘मनावर घेतलं तर काय अवघड आहे?’ तंबाखू सोडू पाहणाऱ्या माणसाला हे घरात, कामावर, टपरीवर, सगळीकडे ऐकावं लागतं. बोलणाऱ्याच्या मनात वाईट नसतं, पण ऐकणाऱ्याला त्यातून एकच कळतं: सुटली नाही म्हणजे आपण मनाचे कच्चे. एकदा हा शिक्का बसला की माणूस पुन्हा प्रयत्न करायला धजत नाही. मला याचंच सगळ्यात वाईट वाटतं, म्हणून हा धागा.

निर्धार लागतोच, त्याबद्दल वाद नाही. पण तो तलफ आल्यावर दातओठ खाऊन खर्चायचा नसतो. तो आधी खर्चायचा, तलफ नसताना, डोकं थंड असताना. तलफेच्या क्षणी माणसाकडे फार थोडं बळ उरतं आणि तेवढ्यावर भागेल अशी व्यवस्था आधीच करून ठेवावी लागते.

तलफ समजून घेतली की हे पटतं. मळताना तंबाखूत चुना का घालतात? चुना अल्कधर्मी असतो. त्याने तंबाखूतलं निकोटिन मोकळं होतं आणि ओठाच्या आतल्या पातळ त्वचेतून भराभर रक्तात उतरतं. रक्तात उतरलेलं निकोटिन साधारण दोन तासांत निम्म्यावर येतं. म्हणून दीड-दोन तास झाले की हात आपसूक खिशाकडे जातो. रात्रभर ही पातळी घसरतच राहते, त्यामुळे समुपदेशक पहिला प्रश्न विचारतात तो ‘दिवसाला किती पुड्या?’ हा नसतो. ‘उठल्यावर किती वेळात पहिला बार भरता?’ असं विचारतात. अर्ध्या तासाच्या आत असेल तर शरीराला लागलेली सवय घट्ट आहे. अशा माणसाने नुसत्या मनाच्या जोरावर उतरू नये.

आता तयारी. सोडायचा दिवस एक-दोन आठवड्यांच्या आतला ठरवा. तोवर काही कमी करायची गरज नाही, फक्त खिशात चिठ्ठी ठेवा. प्रत्येक बार भरताना वेळ, जागा, सोबत कोण आणि तलफ दहापैकी किती, एवढं लिहा. चार-पाच दिवसांत दिसू लागतं की बरेच बार तलफेचे नव्हतेच. समोरच्याने मळायला घेतली म्हणून, फोन आला म्हणून, गाडी सुरू केली म्हणून भरलेले होते. खऱ्या तलफेचे ठरलेले असतात: उठल्यावर, चहानंतर, जेवणानंतर, कामाचा ताण चढला की.

या ठरलेल्या प्रत्येक वेळेसाठी एक वाक्य लिहायचं. पीटर गोलविट्झर या मानसशास्त्रज्ञाने १९९० च्या दशकात मांडलेली ‘जर-तर’ची पद्धत हीच. ‘जेवणानंतर तंबाखू खाणार नाही’ हे वाक्य उपयोगाचं नाही, कारण जेवण झाल्यावर करायचं काय ते त्यात नाही. ‘शेवटचा घास झाला की ताटावरून उठून चूळ भरीन आणि बडीशेप तोंडात टाकीन’ हे चालतं. वेळ ठरली, हालचाल ठरली, वस्तू ठरली. अशी पाच-सहा वाक्यं पुरतात. वीस लिहिलीत तर एकही आठवणार नाही.

आदल्या रात्री घर रिकामं करा. पुडी आणि चुन्याची डबी सगळ्यांना आठवते. राहून जातं ते गाडीच्या डिकीतलं, शेतातल्या खोपीतलं, गादीखालचं आणि जुन्या शर्टाच्या खिशातलं. खिशाच्या शिवणीत अडकलेल्या चुऱ्याच्या वासानेही तलफ उठते, तेव्हा शर्ट धुवायला टाका.

चिडचिड, झोपमोड, भूक, लक्ष न लागणं काही तासांतच सुरू होतं. दुसरा-तिसरा दिवस सगळ्यात जड जातो आणि दोन ते चार आठवड्यांत बहुतेक त्रास ओसरतो. एकेक तलफ मात्र पाच-दहा मिनिटांचीच असते. ती वाढतच जाईल असं त्या क्षणी वाटतं, पण वाढत नाही, उतरते. म्हणून सोडायचा दिवस घरातल्या लग्नाच्या आठवड्यात, पेरणीच्या घाईत किंवा मार्चअखेरच्या हिशेबात धरू नका. ते तीन दिवस जितके मोकळे मिळतील तितके बरे.

घाटमाथा

कडुनिंब, तयारीचं पटलं. पण तुम्ही निर्धाराला थोडं कमी लेखताय. आमच्या भागात माळ घातली की माणूस दारू-मटण एका दिवसात सोडतो. त्याला कुणी जर-तर शिकवत नाही.

कडुनिंब

घाटमाथा, माळेचं उदाहरण इथे फार मोलाचं आहे. माळ घालताना काय काय घडतं ते एकेक करून बघा. दिवस ठरलेला असतो. चार लोकांसमोर होतं. रेषा स्पष्ट असते, ‘कमी करीन’ अशी पळवाट नसते. दुसऱ्या दिवसापासून बाकीचे माळकरी सोबत असतात आणि आग्रह करणारे स्वतःहून थांबतात. गळ्यातली माळ समोरच्यालाही दिसते, तेव्हा रोज नव्याने ‘नको’ म्हणावं लागत नाही. म्हणजे सगळा निर्धार एकाच सकाळी खर्च झाला आणि पुढे व्यवस्थेने सांभाळलं. मी वर तेच म्हणतोय.

पण बरेच माळकरी तंबाखू चालू ठेवतात हेही तुम्ही पाहिलं असेल. माणूस तोच, निश्चयही तोच. फरक असा की तंबाखूला त्या रेषेच्या आत कुणी धरतच नाही, उलट भजनाच्या मध्यंतरात पुडी फिरते. ज्या मंडळाने तंबाखूही नियमात घातली तिथे सोडणाऱ्याला केवढा आधार मिळेल!

श्रावणापुरतं सोडणाऱ्यांचं वेगळं असतं. महिन्याच्या शेवटाची तारीख आधीच माहीत असते, मग मन दिवस मोजत बसतं. ज्यांना श्रावणाचा मुहूर्त साधायचा आहे त्यांनी जरूर साधावा, सुरुवातीचे जड आठवडे त्यातच निघून जातात. फक्त ‘श्रावणापुरती’ हा शब्द तोंडातून काढू नका.

आणि एक आकडा सांगतो, घाबरवण्यासाठी नव्हे. काहीही मदत न घेता, नुसत्या निश्चयावर सिगारेट सोडणाऱ्या शंभरांपैकी सहा महिने-वर्षभर टिकणारे तीन ते पाच असतात. बाकीचे पंचाण्णव मनाने कच्चे होते असं मी तरी म्हणणार नाही.

सायली_प

या विषयावरचं संशोधन मध्यंतरी उलटंपालटं झालंय, म्हणून थोडं सविस्तर लिहिते.

१९९८ मध्ये रॉय बॉमाइस्टर आणि सहकाऱ्यांनी एक प्रयोग केला. समोर चॉकलेटची ताजी बिस्किटं ठेवून काही जणांना फक्त मुळे खायला सांगितले. नंतर न सुटणारं कोडं दिलं, तेव्हा मुळेवाल्यांनी ते लवकर सोडून दिलं. त्यावरून मनोबळ स्नायूसारखं दमतं, त्याचा साठा संपतो असा सिद्धांत निघाला आणि जगभर पसरला. पुढे २०१६ मध्ये २३ प्रयोगशाळांनी मिळून दोन हजारांवर लोकांवर हा परिणाम तपासला. तो जवळजवळ दिसलाच नाही. त्याआधी २०१० मध्ये व्हेरोनिका जॉब, कॅरोल ड्वेक आणि ग्रेगरी वॉल्टन यांनी दाखवलं होतं की ‘मनोबळ संपतं’ असं मानणारेच अवघड कामानंतर जास्त ढेपाळतात. तेव्हा ‘दिवसभर इतका संयम पाळला, आता संध्याकाळी जमणार नाही’ हे वाक्य स्वतःला ऐकवू नका. साठा संपल्याचा पक्का पुरावा नाही, पण संपला असं मानल्याचं नुकसान मात्र होतं.

सगळ्यात उपयोगी मला २०१२ चा जर्मनीतला अभ्यास वाटतो. विल्हेल्म हॉफमन आणि सहकाऱ्यांनी २०५ प्रौढांना आठवडाभर दिवसातून अनेकदा विचारलं की आत्ता कशाची इच्छा होतेय, ती तुम्ही दाबताय का. ज्यांचा आत्मसंयम चांगला म्हणून गणला जातो ते लोक मोहाशी कमी झगडताना दिसले. त्यांच्या वाट्याला असे प्रसंगच कमी येत होते. टपरीवरून जाताना मन मारण्यापेक्षा दुसऱ्या रस्त्याने जाणं हाच खरा संयम. त्याला पळपुटेपणा म्हणणाऱ्यांचं ऐकू नका.

आणखी एक: ‘सुटली की किती छान वाटेल’ याची स्वप्नं रंगवणं. गॅब्रिएल ओटिंजन यांनी १९९१ मध्ये वजन उतरवणाऱ्या स्त्रियांबाबत पाहिलं की ‘मला जमेल’ असा विश्वास असणाऱ्यांचं वजन जास्त उतरलं, पण नुसती गोड चित्रं रंगवणाऱ्यांचं कमी. तेव्हा फळ डोळ्यांपुढे आणा आणि लगेच पुढचा प्रश्न विचारा: आड काय येणार आहे? उत्तर बहुधा एखादी जागा, एखादी वेळ किंवा एखादा मित्र असतो. तिथेच तुमचं जर-तर लागतं.

वैनगंगा

आमच्याकडे विदर्भात पुडीपेक्षा खर्रा जास्त. सुपारी, तंबाखू, चुना पन्नीत टाकून घोटतात, तुमच्या नगरकडचा मावा तसाच. याच्यासाठी वेगळं लिहा कोणीतरी. सगळी माहिती सिगारेटीची असते.

कडुनिंब

खरं आहे. २०१६-१७ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात महाराष्ट्रात १५ वर्षांवरचे २६.६ टक्के लोक तंबाखू वापरणारे निघाले आणि ओढणारे एकूण लोकांच्या जेमतेम ३.८ टक्के. बाकी सगळे तोंडात ठेवणारे. तरी सल्ले सिगारेटवाल्यांचेच मिळतात.

खर्ऱ्यात दोन सवयी एकत्र असतात. तंबाखूचं निकोटिन आणि सुपारीतलं अॅरेकोलिन, दोन्हींची ओढ लागते. म्हणून तंबाखू सोडून ‘साधी सुपारी’ किंवा गोड सुपारी चालू ठेवली तर अर्धी सवय जागीच राहते आणि महिन्याभरात खर्रा परत येतो. दोन्ही एकाच दिवशी सोडा.

सोडण्याआधी तोंड तपासा. स्वतःचीच तर्जनी, मधलं आणि अनामिका ही तीन बोटं उभी धरून वरच्या-खालच्या दातांमध्ये जातात का बघा. जात नसतील, तिखट लागताच आग होत असेल, गालाची आतली बाजू पांढरट आणि ताठ लागत असेल तर दंतवैद्याकडे जा. सुपारीमुळे गालाच्या आत तंतू तयार होऊन तोंड आखडत जातं. आखडलेलं पूर्वीसारखं होत नाही, पण सुपारी थांबली तर पुढचं वाढणं रोखता येतं. दोन आठवड्यांत न भरलेली जखम किंवा पांढरा-लाल चट्टा असेल तर तर मुळीच थांबू नका. तंबाखू सोडताना तलफ शमवायला निकोटिनचा औषधी गम मिळतो, पण अशा तोंडाला तो चघळणं त्रासाचं होतं. त्यांनी डॉक्टरांशी पॅचबद्दल, म्हणजे त्वचेवर चिकटवायच्या निकोटिनच्या पट्टीबद्दल बोलावं.

पाणंद

गमचा विषय निघालाच आहे तर विचारतो. अनेकजण म्हणतात गम खाऊन काही होत नाही, नुसती उचकी लागते आणि घशाशी जळजळतं.

सायली_प

पाणंद, उचकी आणि जळजळ हीच खूण आहे की गम च्युइंगमसारखा भराभर चावला जातोय. मग निकोटिन लाळेबरोबर पोटात जातं आणि तिथे वाया जातं. ते गालातून शोषलं गेलं पाहिजे.

रीत अशी. हळूहळू चावा. तोंडात मिरीसारखा तिखट झणका आला की थांबा आणि गम गाल व हिरडीच्या मध्ये दाबून ठेवा. झणका मावळला की परत चार-दोनदा चावा आणि जागा बदलून दुसऱ्या बाजूला ठेवा. अर्ध्या तासात गम संपतो. खाण्याआधी १५ मिनिटं आणि तोंडात असेपर्यंत चहा, कॉफी, सरबत, कोल्ड्रिंक नको. कडुनिंब यांनी चुन्याचं जे सांगितलं ना, त्याचं हे उलटं टोक: आंबट पेयाने तोंड आम्लधर्मी होतं आणि निकोटिन त्वचेतून जातच नाही. चहा पिता पिता गम चघळणाऱ्याला तो ‘लागू पडत नाही’ त्याचं कारण बहुतेक वेळा एवढंच असतं.

मात्रा: २ मिलिग्रॅम आणि ४ मिलिग्रॅम असे दोन प्रकार. उठल्यावर अर्ध्या तासात तंबाखू लागणाऱ्यांना ४ चा लागू शकतो, तो डॉक्टरांना विचारूनच. पहिले सहा आठवडे दर एक-दोन तासांनी एक, पुढचे तीन आठवडे दोन-चार तासांनी, शेवटचे तीन चार-आठ तासांनी. लोक चुकतात ते इथे. तलफ अंगावर आली की मगच गम काढतात. गमचं निकोटिन सावकाश चढतं, तेव्हा घड्याळ लावून घ्या, तलफेची वाट पाहू नका. दुसरी चूक म्हणजे ‘औषधावर अवलंबून राहायला नको’ म्हणून दिवसाला दोनच खायचे आणि दहा दिवसांत बंद करायचे. यात मनाचा कणखरपणा काही नाही, अर्धवट उपचार आहे तो.

मोकळेपणाने हेही सांगते की सिगारेट सोडण्यात गम-पॅचने यशाची शक्यता साधारण दीडपट होते याचा भरपूर पुरावा आहे. तोंडातल्या तंबाखूसाठी त्यांचा पुरावा तितका भक्कम नाही. तिथे चोखायच्या निकोटिन गोळ्या, व्हॅरेनिक्लिन हे डॉक्टरांच्या चिठ्ठीने मिळणारं औषध आणि समुपदेशन यांचा पुरावा अधिक चांगला आहे. गरोदर स्त्रिया आणि नुकताच हृदयविकार झालेल्यांनी यातलं काहीही परस्पर सुरू करू नये. १८००-११-२३५६ हा सरकारी मोफत नंबर पुडीवरच छापलेला असतो, फेकण्यापूर्वी तेवढा उतरवून घ्या.

उंबरठा

मशेरीबद्दल कुणी बोलत नाही म्हणून लिहिते. कोकणात, सातारा-कोल्हापूरकडे कितीतरी बायका तव्यावर तंबाखू काळी होईपर्यंत भाजून, चुरून, सकाळ-दुपार दाताला लावतात. त्याला व्यसन म्हणतच नाहीत, ‘दात घासते’ म्हणतात. त्यामुळे सोडायचा निर्धार वगैरे गोष्टच निघत नाही. आधी ती तंबाखू आहे हे मान्य व्हावं लागतं.

अडतं कुठे तर दोन ठिकाणी. पहिलं, ‘मशेरी लावल्याशिवाय पोट साफ होत नाही.’ यात तथ्य आहे. निकोटिनने आतड्यांची हालचाल वाढते आणि सोडल्यावर पहिले काही आठवडे बद्धकोष्ठ होतं. रात्री झोपताना पेलाभर पाण्यात दोन चमचे इसबगोल, उठल्यावर दोन पेले कोमट पाणी आणि ठरल्या वेळी बसणं, हे सोडायच्या दिवसाच्या तीन-चार दिवस आधीपासून सुरू करा. सवय लागलेली असली की तो दिवस सोपा जातो. दुसरं, दातदुखी. किडलेल्या दाताला मशेरीने बरं वाटतं असं त्या सांगतात. मग दाताचा इलाज आधी करा. ठणकणारा दात तसाच ठेवून मशेरी सोडायला लावणं म्हणजे त्या बाईवर अन्याय आहे.

आणि मशेरी भाजणं घरातच होतं, त्याचा खमंग वास शेजारपाजारी जातो. सासू-जाऊ-सून एकत्र लावत असतील तर एकटीने सोडणं फार कठीण. तिघींनी एक दिवस धरावा. भाजायचा तवा वेगळा असेल तर तो भंगारात जावा.

पाणंद

सिगारेटवाल्यांसाठी वेगळं काही?

सायली_प

एक गोष्ट कुणी सांगत नाही. धुरातल्या रसायनांमुळे यकृत कॅफिन लवकर फोडतं. धूर बंद झाला की तोच चहा-कॉफी अंगात जास्त वेळ टिकते. मग होणारी धडधड, हातांची थरथर, उडालेली झोप हे सगळं सिगारेट सोडल्याचं म्हणून खपतं. पहिल्या दिवसापासून चहा-कॉफी निम्मी करा. तोंडातल्या तंबाखूला हे लागू नाही, कारण हा परिणाम धुराचा आहे, निकोटिनचा नव्हे.

घाटमाथा

२१ दिवस काढले की सवय मोडते म्हणतात, ते कितपत?

कडुनिंब

त्या आकड्यावर विसंबू नका. लंडनमध्ये फिलिपा लॅली यांनी ९६ जणांवर केलेल्या अभ्यासात नवी साधी सवय अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागले. कुणाला १८, तर कुणाला २५४ लागतील असा हिशेब निघाला. बाविसाव्या दिवशी तलफ आली म्हणून आपलं काही चुकलं असं समजणारे पुन्हा सुरू करतात, हे या आकड्याचं खरं नुकसान. त्याच अभ्यासात एखादा दिवस चुकल्याने फारसा फरक पडला नव्हता.

आणि मनोवृत्तीचं खरं काम इथेच सुरू होतं, पहिल्या घसरणीला. अॅलन मार्लट यांनी व्यसनमुक्तीच्या अभ्यासात दाखवलं की एक चूक माणसाला पाडत नाही, चुकीचा लावलेला अर्थ पाडतो. लग्नात कुणीतरी चिमूट दिली, ओठात गेली. आता ‘सुटली वाटलं होतं, माझ्याच्याने होणारच नाही’ असं ज्याच्या मनात आलं तो परतताना अख्खी पुडी घेतो. ‘पंगतीनंतर काय करायचं ते ठरवलं नव्हतं’ असं ज्याच्या मनात आलं तो थुंकतो, चूळ भरतो आणि पुढच्या लग्नासाठी वाक्य लिहितो. चिमूट दोघांचीही एवढीशीच होती.

म्हणून घसरल्यावर काय करायचं ते आधीच कागदावर असू द्या. तोंडातलं लगेच थुंका, दोनदा चूळ भरा. हातात उरलेली असेल ती पाण्यात बुडवून टाका, कुणाला देऊन टाकू नका, नाहीतर तासाभराने त्याच्याकडेच मागाल. वेळ आणि जागा चिठ्ठीवर लिहा. त्याच दिवशी एका माणसाला सांगा. आणि ‘सोमवारपासून नव्याने’ म्हणू नका. त्या मधल्या दिवसांत सवय पूर्ववत होते.

घरच्यांनाही विनंती आहे. खिसे तपासू नका, तोंडाचा वास घेऊ नका. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी तो किंवा ती चिडणार, ते धरूनच चाला. पैशाचे, मुलांच्या अभ्यासाचे वाद आठवडाभर लांबवता आले तर लांबवा.

वैनगंगा

मित्र पन्नी समोर धरतात तेव्हा काय म्हणायचं? ‘सोडलाय’ म्हटलं की सगळे मागेच लागतात.

कडुनिंब

दादा, ‘सोडलाय’ म्हटलं की कधीपासून, का, किती दिवस टिकणार, अशी चौकशी सुरू होते. ‘नाही खात मी’ एवढंच म्हणा आणि दुसरं काहीतरी बोला. पण आपल्याकडे तंबाखू देणं हा बोलणं सुरू करायचा रिवाज आहे. नुसतं नाही म्हटलं तर समोरच्याचा हात अवघडून तसाच राहतो, आणि त्या संकोचापोटीच बरेच जण घेतात. तेव्हा आपल्याकडेही द्यायला काहीतरी असू द्या. भाजलेले फुटाणे किंवा बडीशेप कागदात बांधून ठेवा, त्याने पन्नी पुढे केली की तुम्ही मूठभर फुटाणे पुढे करा. घेणं-देणं झालं, बोलणं सुरू झालं. पुडके त्याच खिशात ठेवा जिथे खर्रा असायचा. पहिले काही आठवडे हात सवयीने तिथेच जाणार आहे.